फॉलमधली कॅनडा–न्यू इंग्लंड क्रूझ: आतली, खिडकीची की बाल्कनीची केबिन?

प्रश्न असा आहे. पुण्याचं पन्नाशीतलं जोडपं, सोबत पंचाहत्तरीला टेकलेले आई-बाबा, लेक न्यू जर्सीत. ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात, म्हणजे तिथल्या फॉलमध्ये, पानगळीच्या मोसमात, तिच्याकडे जायचं आणि तिथूनच आठवडाभराची कॅनडा–न्यू इंग्लंड (अमेरिकेचा ईशान्य कोपरा) क्रूझ करायची. ‘एवढ्या गारठ्यात बाल्कनीत बसणार कोण, जादा पैसे वायाच जातील ना? आणि आतली केबिन घेतली तर आई-बाबांचा जीव गुदमरेल का?’

आधी उत्तर सांगते, मग कारणं. जहाज न्यूयॉर्कहून निघून न्यूयॉर्कलाच परतणार असेल तर दोन्ही केबिन खिडकीच्या घ्या आणि बाल्कनीचा विचार सोडा. जहाज बोस्टन किंवा न्यूयॉर्कहून निघून क्युबेक सिटीला संपत असेल, किंवा उलट, आणि वाटेतली सेंट लॉरेन्स नदी व सॅगने फ्योर्ड (उभ्या कड्यांमधली चिंचोळी, खोल खाडी) उजेडात लागणार असेल, तर एक बाल्कनी आणि तिच्या समोरच एक आतली केबिन. दोन्ही बेतांत केबिन जहाजाच्या मध्यभागी, लिफ्टपासून जवळ. मी आधी जहाजावर रिसेप्शनला होते, आता बुकिंगचं काम करते. काउंटरच्या दोन्ही बाजूंनी हा प्रश्न इतक्यांदा ऐकलाय की बाल्कनी घेऊन पस्तावलेल्यांची आणि न घेता हळहळलेल्यांची कारणं मला पाठ झाली आहेत.

थंडीचा बाऊ करू नका. ऑक्टोबरच्या सुरुवातीला कॅनडाच्या पूर्व किनाऱ्यावरच्या हॅलिफॅक्सला दुपारी १५–१६ अंश असतं, पहाटे ८ च्या आसपास उतरतं. क्युबेक सिटी त्याहून दोन-तीन अंशांनी गार. पुण्यातल्या जानेवारीच्या पहाटे फिरायला जाणाऱ्या माणसाला हे आकडे नवे नाहीत. त्रास देतो तो वारा. जहाज १८ नॉटने, म्हणजे ताशी ३३ किलोमीटरने चाललं असेल तर हवा अगदी पडलेली असली तरी बाल्कनीच्या कठड्याबाहेर तेवढा वारा असतोच, आणि समोरून आणखी वारा आला की त्यात भर. १० अंशांची हवा त्या वाऱ्यात अंगाला ६ अंशांसारखी लागते. तरीही जाकीट, कानटोपी आणि मांडीवर केबिनमधलं ब्लँकेट एवढ्या तयारीवर तासभर बाहेर बसता येतं, आणि हौशी माणसं बसतातही. बाल्कनीचे पैसे वाया जातात ते अंधारामुळे.

हिशोब सोपा आहे. १० ऑक्टोबरच्या सुमाराला हॅलिफॅक्सला सूर्य उगवतो साडेसातच्या जरा आधी आणि मावळतो पावणेसातच्या आत. क्युबेक सिटीत उगवतो सातच्या आसपास आणि सव्वासहापर्यंत मावळलेला असतो. आता जहाजाचं वेळापत्रक पाहा. या मार्गावर बंदरं एकमेकांना लागून आहेत, त्यामुळे जहाज बहुतेक दिवशी सकाळी सात-आठला धक्क्याला लागतं आणि संध्याकाळी पाच-सहाला सुटतं. सगळा दिवस तुम्ही शहरात. जहाज चालतं ते रात्री. म्हणजे बंदराच्या दिवशी बाल्कनीतून समुद्र दिसतो सकाळी फार तर अर्धा तास आणि संध्याकाळी तास-दीड तास. त्यातही जेवणाची पहिली पंगत साडेपाचला असते आणि आई-बाबांना तीच सोयीची. उरतो एखाद-दुसरा पूर्ण समुद्रातला दिवस. हाच प्रवास १० सप्टेंबरच्या आसपास असता तर हॅलिफॅक्सला सूर्य संध्याकाळी साडेसातनंतर मावळला असता आणि माझं उत्तर थोडं मऊ झालं असतं. एका महिन्यात दिवस जवळजवळ दीड तासाने आखडतो. तारीख न विचारता केबिन सुचवणाऱ्या एजंटाकडून म्हणूनच सल्ला घेऊ नये.

दुसरी गोष्ट कुणी आधी सांगत नाही. पानांच्या ज्या रंगांसाठी तुम्ही चालला आहात ते रंग या मार्गाच्या बऱ्याचशा भागात जहाजातून दिसतच नाहीत. बोस्टनहून किंवा न्यूयॉर्कहून हॅलिफॅक्सला जाताना जहाज मेन या अमेरिकी राज्यालगतच्या आखातातून, किनाऱ्यापासून बरंच दूर जातं, चहूकडे पाणी. किनारा जवळ आला तरी मेन आणि नोव्हा स्कोशियाच्या (हॅलिफॅक्स ज्यात आहे तो कॅनडाचा प्रांत) समुद्रालगत स्प्रूस आणि फरची सदाहरित झाडं जास्त, त्यांना फॉलशी देणंघेणं नाही. लाल-केशरी मेपल आतल्या भागात. ते बघायचे बसमधून: मेनमधल्या बार हार्बरला उतरून अकेडिया नॅशनल पार्कच्या लूप रोडवरून, ४६६ मीटर उंचीच्या कॅडिलॅक माउंटनवरून, किंवा कॅनडातल्या सिडनीला उतरून केप ब्रेटन बेटावर कॅबट ट्रेलच्या एखाद्या टप्प्यावरून. (अख्खा कॅबट ट्रेल जवळपास ३०० किलोमीटरचा आहे, तो एका बंदराच्या दिवसात होत नाही, तसं वचन देणाऱ्या टॅक्सीवाल्याला हसून नमस्कार करा.) बाल्कनीचे वाचलेले पैसे या सहलींवर घाला, असं मी बिनदिक्कत सांगते.

मग क्युबेकच्या मार्गाला वेगळं उत्तर का? कारण तिथे जहाज जमिनीच्या कुशीत शिरतं. सेंट लॉरेन्सचं मुख इतकं रुंद आहे की सुरुवातीला ती नदी आहे हे सांगावं लागतं; पण टाडूसाक गावापासून वर क्युबेक सिटीपर्यंत उत्तर काठाला शार्लव्वाचे डोंगर येतात. तिथल्या मेपल आणि बर्चला सप्टेंबरच्या शेवटच्या आणि ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात ऐन रंग चढलेला असतो. टाडूसाकला सॅगने नदी येऊन मिळते. तिच्या तोंडाशी पांढरे बेलुगा देवमासे असतात आणि तिथून आत सुमारे १०० किलोमीटरचा फ्योर्ड आहे, दोन्ही बाजूंनी उभे कडे. त्या दिवशी ज्याच्याकडे बाल्कनी आहे तो माणूस मला नंतर फोटो पाठवतो.

पण इथेही घड्याळ बघा. फ्योर्डच्या तोंडापासून आतल्या ला बे या बंदरापर्यंत जहाजाला साधारण चार-पाच तास लागतात. सकाळी आठला पोहोचायचं असेल तर जहाज पहाटे साडेतीन-चारला फ्योर्डमध्ये शिरतं, आणि पहिले दोन-तीन तास काळोखात निघून जातात. परतीला जहाज दुपारी दोन-तीनला सुटत असेल तर ट्रिनिटी केपचे कडे छान उजेडात मिळतात. संध्याकाळी सहाला सुटत असेल तर बाल्कनीत बसून तुम्ही काळोख बघणार. त्यामुळे बुकिंग करताना मी ग्राहकाला एकच काम सांगते: प्रत्येक बंदराची पोहोचण्याची आणि सुटण्याची वेळ कागदावर लिहा, शेजारी त्या दिवसाचा सूर्योदय-सूर्यास्त लिहा, आणि जहाज चालू असताना उजेड असेल असे तास मोजा. त्यातून जेवणाचे आणि दुपारच्या वामकुक्षीचे वजा करा. समजा माणशी फरक ४०० डॉलर आहे, दोघांचे ८००, आणि हातात आले आठ तास. म्हणजे तासाला १०० डॉलर. हा आकडा डोळ्यांसमोर आला की बहुतेक घरांतली चर्चा आपोआप मिटते. एखाद्याला तेवढेही मान्य असतात, तेही योग्यच. पण हिशोब कळून मान्य असावेत.

या हिशोबात एक धागा ढिला ठेवा. सेंट लॉरेन्सच्या आखातात नॉर्थ अटलांटिक राइट व्हेल ही अत्यंत दुर्मीळ देवमाशांची जात येते, आणि २०१७ मध्ये तिथे बरेच देवमासे मेल्यानंतर कॅनडा सरकारने जहाजांवर वेगमर्यादा घातली. ठरावीक पट्ट्यांत १० नॉटच्या वर जाता येत नाही. त्यामुळे कधी वेळापत्रकात फेरफार होतात, एखादं बंदर गळतं. तसंच हा अटलांटिकच्या वादळांचा काळ आहे. हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर. डोरियन ७ सप्टेंबर २०१९ ला, फियोना २४ सप्टेंबर २०२२ ला आणि ली १६ सप्टेंबर २०२३ ला नोव्हा स्कोशियावर आलं. कप्तान वादळाला वळसा घालतो, त्यामुळे जिवाची काळजी नको. पण बंदरांचा क्रम बदलला की तुमचा फ्योर्डचा दिवस जाऊ शकतो. बाल्कनी घेताना तेवढी जोखीम धरा.

आता एकेका प्रकाराबद्दल, या मोसमापुरतं.

आतली केबिन म्हणजे साधारण १५ चौरस मीटरची खोली, खिडकी नाही. गार पडेल ही भीती निराधार आहे; चारही बाजूंनी खोल्या असल्याने ती उबदारच असते. झोपही गाढ लागते, कारण दिवा घालवला की डोळ्यांत बोट घातलं तरी दिसत नाही. भारतातून थेट येणाऱ्यांना नेमकं तेच नडतं. ऑक्टोबरमध्ये न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं. रात्री दोनला टक्क जाग, दुपारी चारला पेंग. शरीराचं घड्याळ जागेवर येतं ते सकाळच्या उजेडाने, आणि आतल्या केबिनमध्ये सकाळ होतच नाही. ज्येष्ठ माणूस अशा अंधारात उठला, बाथरूमचा उंबरा लक्षात आला नाही, तर काय होतं ते मी काउंटरवर असताना पाहिलं आहे. लेकीकडे आठवडाभर राहून मग जहाजावर जाणार असाल तर हा मुद्दा बराच सौम्य होतो. तरीही आतली केबिन घ्यायचीच असेल तर टीव्हीवर जहाजाच्या पुढच्या कॅमेऱ्याचं चॅनल आवाज बंद करून रात्रभर लावून ठेवा: मंद उजेडही राहतो आणि पहाट झालेली कळते. रॉयल कॅरिबियनच्या काही जहाजांवर आतल्या केबिनच्या भिंतीवर मोठा पडदा असतो आणि त्यावर बाहेरच्या कॅमेऱ्याचं थेट दृश्य चालू असतं. त्याला ते व्हर्च्युअल बाल्कनी म्हणतात. तरुण मंडळींना मजा वाटते. माझ्या मते तिच्यासाठी थोडे जास्त पैसे द्यायला हरकत नाही, फार नको.

खिडकीची केबिन या मोसमात सगळ्यांत दुर्लक्षित आहे. खिडकी उघडत नाही, आणि ऑक्टोबरमध्ये ती उघडून करायचंय तरी काय. उजेड मिळतो, धक्का दिसतो, बाहेर पाऊस आहे की ऊन हे कपडे घालण्याआधी कळतं. बाबा सकाळी चहाचा कप घेऊन खिडकीशी बसतील, त्यांना स्वेटरही लागणार नाही. घेताना तीन गोष्टी तपासा. पहिली, खिडकी मोठी चौकोनी आहे की जुन्या धाटणीची गोल; सगळ्यांत खालच्या डेकवर बहुधा गोल असते आणि समुद्र फार खवळला तर काही जहाजांवर तिच्यावर लोखंडी झाकण टाकतात. दुसरी, ती प्रोमेनेड डेकवर उघडते का. तिथे बाहेरून लोक चालत असतात. दिवसा काचेतून आत दिसत नाही, पण रात्री दिवा लावलात की दिसतं. पडदा ओढायचा लक्षात ठेवा. तिसरी, ‘ऑब्स्ट्रक्टेड व्ह्यू’ असं लिहिलं असेल तर समोर लाइफबोट टांगलेली असते. ही केबिन स्वस्त मिळते आणि मला आवडते: दृश्य अर्धं गेलं तरी उजेड पुरता येतो. एकच अडचण, बार हार्बरला जहाज धक्क्याला लागत नाही, फ्रेंचमन बेमध्ये नांगर टाकतं आणि प्रवाशांना छोट्या बोटींनी किनाऱ्यावर नेतात. त्या बोटी टांगलेल्या असतात तिथूनच खाली सोडतात, त्यामुळे सहा-साडेसहाला तुमच्या उशाशी यंत्रांची घरघर.

कॅनडातल्या सेंट जॉन बंदरात खिडकीवाल्यांना एक गंमत फुकट मिळते. फंडीच्या आखातातल्या भरती-ओहोटीमुळे तिथे पाणी सहा तासांत साधारण आठ मीटर वरखाली होतं. ओहोटीला खालच्या डेकच्या खिडकीतून फक्त धक्क्याची ओली भिंत दिसते, भरतीला त्याच खिडकीतून गाव. जहाजावरून उतरायची शिडीही दिवसभरात सरकवावी लागते, कधी वेगळ्या डेकवरून बाहेर पडावं लागतं. गुडघे दुखणाऱ्यांनी उतरताना आणि परतताना उतार किती आहे ते विचारून निघावं.

बाल्कनी घ्यायची ठरलीच तर तिच्या जाती ओळखा, कारण उन्हाळी क्रूझवर चालणारी बाल्कनी इथे चालेलच असं नाही. जहाजाच्या पुढच्या भागातली नको. वारा सगळा तिथे. सप्टेंबरच्या सुरुवातीला धुकं असेल तर भोंगाही तिथेच सर्वांत मोठा ऐकू येतो, आणि धुक्यात चालत्या जहाजाला दर दोन मिनिटांच्या आत तो वाजवावाच लागतो. अगदी मागच्या बाजूला तोंड असलेली बाल्कनी वाऱ्यापासून वाचलेली, रुंद आणि देखणी असते. पण चिमणीची काजळी कधी कधी खुर्च्यांवर उतरते, इंजिनाची थरथर जाणवते आणि जेवणघर-नाट्यगृह गाठायला मोठ्या जहाजावर पाव किलोमीटरहून जास्त चालावं लागतं. आई-बाबांसाठी नको. काही जहाजांवर डेक पायऱ्या-पायऱ्यांनी बाहेर येतात, म्हणून खालच्या बाल्कनीवर छप्परच नसतं. पावसाळी हवेत ती बिनकामाची. लोखंडी कठड्याची बाल्कनी काचेच्या कठड्यापेक्षा उबदार असते, मात्र बसल्यावर समोर लोखंडच दिसतं.

थंड हवेसाठी मला सर्वांत पटलेला प्रकार म्हणजे सेलिब्रिटी कंपनीच्या एज मालिकेतल्या जहाजांवरचा ‘इन्फिनिट व्हरांडा’. तिथे वेगळी बाल्कनी नसते. खोलीच जहाजाच्या कडेपर्यंत जाते आणि बाहेरच्या मोठ्या काचेचा वरचा अर्धा भाग बटण दाबून खाली येतो. उन्हाळ्यात लोक त्यावर नाकं मुरडतात, ‘ही कसली बाल्कनी, ही तर खिडकी’ म्हणतात. त्यांचं बरोबर आहे. पण ऑक्टोबरमध्ये काच बंद ठेवून उबेत बसा, आणि बेलुगा दिसले की दोन मिनिटं काच खाली घ्या. वारा वाढला की कप्तानाच्या कक्षातून ती बंद करून ठेवतात, एवढं मात्र लक्षात असू द्या.

साध्या बाल्कनीबद्दल दोन सूचना. तिचं दार उघडं असताना केबिनचं मुख्य दार उघडू नका. वारा आरपार सुटतो आणि जड दार धाडकन आपटतं, त्यात बोटं सापडतात. आणि कपडे वाळत घालू नका. जहाजावर ते चालत नाही, आणि लेकीने दिलेलं नवं थर्मल अटलांटिकला अर्पण होतं. ओल्या जाकिटांसाठी चार लोहचुंबकी हूक सोबत न्या; बहुतेक केबिनच्या भिंती लोखंडी असतात, तिथे ते पक्के बसतात. थंडीच्या क्रूझवर जागा खातात ते कोटच.

स्वीट, म्हणजे सर्वांत महागड्या ऐसपैस केबिनबद्दल फार लिहीत नाही. या मार्गावर दिवस बाहेर जातात, त्यामुळे मोठी खोली तुम्ही वापरणार कधी? ज्यांना परवडतं त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नसते.

आता बाजू. जहाजाच्या नाकाकडे तोंड करून उभं राहिलं की डावीकडे पोर्ट, उजवीकडे स्टारबोर्ड. न्यूयॉर्कहून हॅलिफॅक्सकडे जाताना तोंड पूर्वेकडे, म्हणून उजवी बाजू दक्षिणेला आणि ऊन तिकडे, परतताना डावीकडे. जाऊन-येऊन फिट्टंफाट, डोकं खपवू नका. मॅनहॅटनहून सुटताना स्वातंत्र्यदेवीचा पुतळा उजवीकडे येतो, पण त्या वेळी सगळे वर डेकवरच असतात. क्युबेकच्या मार्गावर मात्र फरक पडतो. नदीतून वर जाताना जहाजाचं तोंड नैर्ऋत्येला असतं: उजवीकडे उत्तर काठ, शार्लव्वाचे डोंगर, पण सावली आणि वायव्येचा बोचरा वारा, डावीकडे ऊन, पण काठ सपाट आणि दूर. मी वर जाताना उजवी आणि क्युबेकहून खाली येताना डावी बाजू देते. डोंगर त्या बाजूला आहेत, थंडीला ब्लँकेट आहे.

आई-बाबांच्या दृष्टीने बाल्कनीपेक्षा जागा महत्त्वाची. बोट लागण्याचा त्रास होणाऱ्याने जहाजाच्या मध्यभागी, खालच्या डेकवर राहावं; तिथे हेलकावा सर्वांत कमी. स्टॅबिलायझर असतात ते डावीकडे-उजवीकडे होणारं डोलणं आवरतात, पुढचा भाग वर-खाली होतो तो त्यांना आवरत नाही. मेनच्या आखातात आणि नोव्हा स्कोशियाच्या बाहेर ऑक्टोबरमध्ये समुद्र उठलेला असू शकतो. आणि गंमत अशी की बाल्कनीच्या केबिन बहुतेक वरच्या डेकवर असतात, म्हणजे जादा पैसे देऊन जास्त हेलकावे विकत घ्यायचे. खिडकीच्या केबिन खाली असतात. बोट लागण्याची गोळी डॉक्टरांना विचारून पुण्याहूनच घेऊन या. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या औषधांबरोबर ती चालते का, हे पुण्यातच विचारा.

डेकचा नकाशा उघडून तुमच्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते बघा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर उत्तम. वर बुफे असेल तर पहाटे पाचपासून खुर्च्या ओढल्याचे आवाज; खाली नाट्यगृह असेल तर रात्री ढोल. पुढच्या टोकाला खालच्या डेकवर नांगराच्या साखळीचा आणि जहाज धक्क्याला लावणाऱ्या थ्रस्टरचा आवाज, आणि या मार्गावर तो जवळजवळ रोज सकाळी असणार. दोन केबिनना जोडणारं दार असलेली केबिन शेजारी तुमचीच माणसं असतील तरच घ्या, नाहीतर अनोळखी माणसाचं घोरणं ऐकत आठवडा काढावा लागतो. आंघोळीला उभं राहायची जागा लहान आहे का, टबची कड ओलांडावी लागते का, हेही विचारा. पंचाहत्तरीच्या माणसाला ती कड समुद्रापेक्षा धोकादायक.

चौघांनी एकाच केबिनमध्ये राहून पैसे वाचवायचा विचार कुणी सुचवला तर ऐकू नका. तिसरा-चौथा बिछाना छतातून खाली येतो, रेल्वेच्या वरच्या बर्थसारखा, शिडीने चढायचा. आणि बाथरूम एकच. समोरासमोरच्या दोन केबिन हा सर्वांत चांगला मेळ. क्युबेकच्या मार्गावर बाल्कनीची आई-बाबांना द्या, तुम्ही समोरच्या आतल्या केबिनमध्ये राहा. फ्योर्डच्या दुपारी चौघंही त्याच बाल्कनीत. आई-बाबांना वाऱ्यात जायचं नसेल तर ते काचेआडून बघतील, आणि रात्री काही लागलं तर तुम्ही चार पावलांवर.

बाल्कनी नसलेल्यांनी एक जागा पहिल्याच दिवशी शोधून ठेवावी. बहुतेक मोठ्या जहाजांवर वरच्या डेकवर पुढच्या बाजूला काचेने बंद केलेला लाउंज असतो. ऊब, आरामखुर्ची, बसल्या जागी कॉफी आणि समोर अख्खी नदी. क्युबेक सिटीत शिरताना केप डायमंडच्या कड्यावर १८९३ मध्ये उघडलेलं शातो फ्रोंतनाक हॉटेल दिसतं, ते तिथूनच नीट दिसतं, कारण बाल्कनीतून फक्त एक बाजू दिसते. फ्योर्डच्या आणि क्युबेकच्या दिवशी तिथे जागा धरायला अर्धा-पाऊण तास आधी जा. आई-बाबांना बसवा, तुम्ही पाय मोकळे करायला डेकवर जा.

पैशांच्या बाबतीत दोन सापळे. ‘गॅरंटी’ केबिन स्वस्त मिळते, पण तिचा नंबर कंपनी शेवटी ठरवते. तुम्ही नवव्या डेकवर मागे आणि आई-बाबा दुसऱ्या डेकवर पुढे, असं होऊ शकतं. दोन केबिन जवळ हव्यात तर नंबर निवडूनच घ्या. आणि बुकिंगनंतर ‘बोली लावा, वरच्या दर्जाची केबिन मिळवा’ अशी ई-मेल येते. बोली लागली की नवी केबिन कुठली हे तुमच्या हातात राहत नाही, मध्यभागची निवड हातची जाते. मोफत अपग्रेडचंही तेच. बुकिंगमध्येच ‘अपग्रेड नको’ अशी नोंद करून घ्या; एजंटाला हे करता येतं, फक्त त्याला सांगावं लागतं.

केबिनचे पैसे भरण्याआधी व्हिसा बघा, कारण पैसे परत मिळण्याच्या तारखा व्हिसा ऑफिससाठी थांबत नाहीत. न्यूयॉर्कहून न्यूयॉर्कला परतणारी क्रूझसुद्धा कॅनडात थांबतेच: १८८६ च्या अमेरिकन कायद्यामुळे परदेशी नोंदणीच्या जहाजाला परदेशी बंदराला न थांबता अमेरिकेतल्या अमेरिकेत प्रवासी फिरवता येत नाहीत. त्यामुळे भारतीय पासपोर्टवर तुम्हा चौघांना कॅनडाचा व्हिसा लागेल, आणि अमेरिकेचा व्हिसा पुन्हा आत येता येईल असा, म्हणजे मल्टिपल एंट्रीचा हवा. लेक-जावई सोबत येणार असतील तर त्यांचंही विचारून घ्या. ग्रीन कार्ड असेल तर २०२२ पासून कॅनडासाठी व्हिसा लागत नाही, वैध पासपोर्ट आणि कार्ड पुरतं; एच-१बी वर असतील तर मात्र कॅनडाचा व्हिसा काढावा लागेल, आणि तो वेळेत आला नाही तर तिसऱ्या केबिनचे पैसे अडकतील.

तुमच्या क्रूझचं वेळापत्रक हाती आलं की बंदरांच्या वेळा आणि जहाजाचं नाव कळवा. दोन केबिनचे नंबर मी डेकच्या नकाशावर बघून सांगेन.